सात नंबरचं पोतं

काच निवडायला अक्कल लागत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं माझ्या शेजारी एक दिवस बसून दाखवावं. पांढरी वेगळी, हिरवी वेगळी, तपकिरी वेगळी. झाकणं काढायची, बुचं काढायची, बाटलीच्या गळ्यात अडकलेली पत्र्याची कडी उपटायची. आरशाची काच नको, दिव्याचा बल्ब नको. लोणच्याच्या चिनी बरणीचा तुकडा तर अजिबात नको, कारण तो भट्टीत वितळत नाही, खड्यासारखा तसाच राहतो आणि नव्या बाटलीच्या पोटात जाऊन बसतो. सातपूरच्या काचेच्या कंपनीत मी चार वर्षं हेच करत होते. पांढऱ्या ढिगावर भिमाबाईइतकी तेज नजर कुणाची नाही, असं आमचा मुकादम खंडेराव चारचौघांत म्हणायचा. मला त्याचा गर्व होता. तो कसा उतरला तेच सांगायचं आहे.

साल चौऱ्याहत्तर. तेलाची टंचाई होती. कंपनीची भट्टी तेलावर चालायची आणि काचेची भट्टी चुलीसारखी नसते, की संध्याकाळी विझवली आणि सकाळी पेटवली. ती वर्षानुवर्षं जळत ठेवावी लागते. विझली तर आतली काच थिजते आणि भट्टीच तडकते. तेल पुरेना तेव्हा साहेबांनी डोकं लढवलं. एका सुट्टीच्या दिवशी ते आमच्या वसाहतीत आले, लिंबाखाली खोक्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "वाळूपासून नवी काच करायला जेवढी आच लागते, त्याहून कमी आचेत जुनी काच वितळते. जुनी काच जितकी जास्त टाकू, तितकं तेल वाचेल. तेव्हा घरातली फुटकी काच उकिरड्यावर फेकू नका. आम्हाला द्या."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. फुटकी काच घरात ठेवू नये हे माहीत होतं, पण ती कुणी मागायला येतं हे पहिल्यांदाच ऐकलं. माझी शेजारीण साळूबाई मोठ्यानं म्हणाली, "आन् चांगली बाटली बी फोडणार? मग खोबरेल कशात ठेवू, वंजळीत?" सगळी वसाहत हसली. साहेबही हसले. बायकांना समजावायचं काम माझ्यावर आलं. मी कंपनीतली, आणि माझं तोंड चालतं.

प्रत्येक गल्लीला एक पोतं मिळालं, त्यावर डांबरानं नंबर घातलेला. आमच्या गल्लीचं सात नंबरचं. ते नळाच्या खांबाला टांगलेलं असायचं आणि दर आठवड्याला कंपनीची गाडी घेऊन जायची. नंबर अशासाठी, की कुठल्या गल्लीनं घाण घातली ते कळावं. सुरुवातीला गंमतच झाली. एकीनं बाटल्या घासूनपुसून, वरून फडकं गुंडाळून दिल्या, जशा रुखवताला मांडायच्या आहेत. एकीनं चिनी बरणी टाकली आणि 'काचेसारखीच तर चमकते' म्हणून माझ्याशी भांडली. मी घरोघर फिरले. सांगून सांगून घसा बसला. पण चार महिन्यांत वळण पडलं. उकिरड्यावर अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या पायात काच जायची थांबली, तेव्हा कुणाला काही समजावून सांगायची गरज राहिली नाही.

श्रावण लागून आठ दिवस झाले होते. सकाळी खंडेरावनं सात नंबरचं पोतं माझ्यापुढे ओतलं. औषधाच्या बाटल्या, शाईच्या दौती, कंदिलाची तडकलेली काच. सगळ्यात खाली वर्तमानपत्राची पुडी. मी उघडली. आत बांगड्यांचे तुकडे होते. हिरव्या बांगड्या, एकसारख्या, चांगल्या डझन-दीड डझन तरी असाव्यात.

एखादी बांगडी सगळ्यांच्याच घरी वाढते. तिचे दोन तुकडे पोतं येण्याआधी तुळशीत टाकायचे, आता कुणी पोत्यात टाकत असेल, तर तेही मी समजून घेतलं असतं. जुन्या बांगड्या नकोशा झाल्या तर हाताला तेल लावून अख्ख्या उतरवतात, पोरींना खेळायला देतात. दोन्ही हात भरतील एवढ्या बांगड्यांचा चुरा घरात कधी होतो, ते बाईला सांगावं लागत नाही. मी तुकडे बोटानं सरकवले. एका तुकड्यावर रक्त सुकलेलं होतं. म्हणजे हातात असतानाच फोडल्या होत्या.

"काय गं भिमाबाई?" खंडेराव म्हणाला. "रंगीत काच हाय, बाजूला काढ. पांढऱ्यात गेली तर आख्खा घाणा हिरवट निघंल."

"काढते," मी म्हटलं आणि पुडी पदरात बांधली.

दिवसभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आमच्या गल्लीत कुणीतरी विधवा झाली होती आणि गल्लीला पत्ता नव्हता! रडणं नाही, माणसं जमणं नाही. हे कसं होईल? अकरा खोल्यांची गल्ली. एकीच्या घरी मीठ संपलं तर पाच जणींना कळतं. मग कुणाचा नवरा गेला आणि ती लपवून का बसली?

लपवण्याचं कारण मात्र मी सांगू शकत होते, कारण ते मी भोगलं होतं. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. पुढच्याच वर्षी माझा नवरा कोंडाजी तापानं गेला. समाजाच्या बैठकीत ठरलं होतं, की आपल्यात आता बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत. माझ्या कुणी फोडल्या नाहीत. आजही माझ्या हातात काचेच्या बांगड्या आहेत, बघणारे बघोत. पण पंधरा दिवस झाले नाहीत तोच थोरल्या दिरानं माझी ट्रंक ओट्यावर आणून ठेवली. बांगड्या राहिल्या, घर गेलं. सहा वर्षांच्या पुंजारामचा हात धरून मी इगतपुरीहून नाशिकला आले. तेव्हाच मनाशी धरलं होतं, की माझ्या डोळ्यांदेखत कुठल्याही बाईवर ही वेळ येऊ द्यायची नाही. आता माझ्याच गल्लीत कुणीतरी दार लावून एकटी बसली होती. घराबाहेर काढतील म्हणून भीत असणार. ती कोण, हे मला शोधायलाच हवं होतं.

पण शोधायचं कसं? सवाशीण बाईला जाऊन 'तू बांगड्या फोडल्यास का' असं विचारायचं? ती शिवी झाली. तिच्या नवऱ्याचं वाईट चिंतल्यासारखंच ते. दारोदार फिरून मनगटं बघावी, तर नागपंचमीच्या आधी कासार येऊन गेलेला. सगळ्या गल्लीनं नव्या बांगड्या भरल्या होत्या. अकरा घरं, सगळे हात भरलेले, आणि माझ्या पदरात ही पुडी. मी वेडी व्हायची बाकी होते.

मग जरा विचार केला. गल्लीतले बहुतेक नवरे संध्याकाळी दारात बसून चहा पितात, सगळ्यांना दिसतात. बाहेरगावी असणारा एक, साळूबाईचा बहिरू. तो विहिरी पाडायच्या बोअरिंगच्या गाडीवर होता. दुष्काळ होऊन गेलेला, त्यामुळे आज बीड, उद्या सोलापूर. लोखंडी पाइप, मोठी यंत्रं, काहीही होऊ शकतं. शिवाय साळूची सासू गावाहून येऊन राहिली होती. सासूला कळू नये म्हणून ती गप्प असणार. सगळं बरोबर जुळत होतं.

संध्याकाळी नळावर साळू एकटी सापडली.

"साळू, बहिरूचं पत्र आलं का गं?"

"आलं की मागल्या म्हैन्यात. का वो मावशी?"

"काय नाय. असंच. तू जेवतीस ना येळेवर?"

"जेवते की."

"हे बघ, काय बी असलं तरी मी हाय. माझ्या घरात तुला जागा हाय. सासू काय बोलली तरी भिऊ नको."

साळूचा हंडा भरून वाहायला लागला तरी तिनं उचलला नाही. "मावशी, काय कळलंय तुम्हाला?"

"मला काय कळणार बाई? तुझं तुलाच ठावं."

बस, एवढंच मी बोलले. साळूनं तिथंच नळाच्या चिखलात बसकण मारली आणि असा हंबरडा फोडला, की दहा दारं एकदम उघडली. "यांना ठावं हाय! माझ्या धन्याचं काय झालं ते यांना ठावं हाय, पन सांगत नाय!" मी म्हणतेय, अगं मी काहीच म्हटलं नाही. जितकं मी 'नाही' म्हणावं तितक्या बायका माझ्याकडे संशयानं बघाव्यात. पुडीचं नाव मला काढता येईना. साळूची सासू बाहेर येऊन धाय मोकलून रडायला लागली. मला कळेचना, की साळू खरंच अजाण आहे की सगळं माहीत असून सोंग करते आहे. एवढं खरं रडू सोंगाचं असतं का? माझी सून चांगुणा पिठाचे हात घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली, मग आत गेली आणि तिनं सगळ्यांसाठी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी बीडला बोअरिंगच्या ऑफिसात तार गेली. 'बहिरूला ताबडतोब पाठवा.' तीन दिवस आमच्या गल्लीत कुणी फोडणी दिली नाही. चौथ्या दिवशी दुपारी बहिरू स्वतः गल्लीच्या तोंडाशी उभा. अंगावरचा चिखल तसाच, डोळे सुजलेले. तार बघून त्याला वाटलं आई गेली. तो आईसाठी रडत येत होता आणि आई त्याच्यासाठी रडत बाहेर आली. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही जागच्या जागी थिजली. मग म्हातारीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मिठी मारली.

"मला मारलं कुनी?" बहिरू ओरडला. सगळ्या गल्लीनं माझ्याकडे बोट केलं.

मी तोंड लपवून घरात बसले. साळूनं माझ्याशी बोलणं टाकलं. नळावर मी आले की तिनं हंडा उचलून निघायचं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण माझी पुडी तशीच होती. बहिरू जिवंत, मग या बांगड्या कुणाच्या? मला क्षणभर असंही वाटलं, की मी पाहिलं तेच खोटं, उगाच कुणाच्या तरी जुन्या बांगड्यांवर मी मरण रचलं. पण मग ते रक्त?

दोन-तीन दिवसांनी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत खंडेराव माझ्याशेजारी येऊन बसला. वसाहतीतला गोंधळ त्याच्याही कानावर गेला होता, आणि मी पुडी पदरात बांधताना त्यानं पाहिलं होतं.

"सापडली का तुझी बांगड्यावाली?"

"नाय ना. सगळ्यांचे नवरे धडधाकट हायेत."

"सगळ्यांचे?"

"मोजून दाखवते." मी एकेक बोट दुमडायला लागले. पहिली खोली, दुसरी, तिसरी. बहिरूला धरून दहा झाले. "दहा. दहाच्या दहा जिवंत."

"तुमच्या गल्लीत खोल्या किती?"

"अकरा."

मी पुन्हा मोजले. पुन्हा दहा. भाकरीचा घास हातात तसाच राहिला. खंडेरावनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो उठून गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोकांना म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती. अकरावी खोली माझी. माझा पुंजाराम ट्रकवर. नाशिकहून कांदा घेऊन आग्रा रोडनं इंदूरला जायचा, तिकडून मिळेल तो माल आणायचा. महिना-महिना घरी यायचा नाही. पण मी त्याची काळजी केली नव्हती, कारण त्याची पत्रं येत होती. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. चांगुणा सातवी शिकलेली, ती वाचून दाखवायची. गाडी बरी आहे, माल वेळेत पोचतो, आईनं गुडघ्याला तेल लावावं.

ती वाचून दाखवायची. कागदावर काय होतं, मला काय ठाऊक?

खंडेरावला सांगायलाही थांबले नाही. भर उन्हात कंपनीपासून घरापर्यंत कशी आले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की 'माझा पोरगा गेला' हे वाक्य डोक्यात येत होतं आणि मी ते पुरं होऊ देत नव्हते.

चांगुणा ताटात तांदूळ घेऊन खडे निवडत बसली होती. मी दारातूनच तिचे हात पाहिले. लाल बांगड्या. दिवाळीला मी स्वतः तिला हिरव्या भरल्या होत्या, कासाराशी रंगावरून भांडून. त्या कधी गेल्या, लाल कधी आल्या, मला पत्ता नाही. दिवसभर रंग निवडणारी मी! डाव्या मनगटावर बांगड्यांखाली खपली धरलेली जखम होती. विळी लागली म्हणाली होती आणि मी हळद लाव म्हणून सांगितलं होतं.

"पुंजा गेला?" मी विचारलं.

ती दचकून उभी राहिली. ताट कलंडलं. "नाय आत्या! नाय, नाय. जिवंत हायेत ते. चांगले हायेत."

"खरं सांग."

"तुमची शपथ."

मी भिंतीला धरून खाली बसले. हसू आलं का रडू आलं ते कळलं नाही, दोन्ही एकदमच आलं असावं. जिवंत आहे. माझा पोरगा जिवंत आहे. बाकी काही असो. मी पदरातली पुडी सोडून तिच्यापुढे ठेवली. "मग ह्या?"

"मीच फोडल्या. वरवंट्यानं."

"का?"

ती उठली, पिठाच्या डब्यामागून पत्र काढून आणलं. "आषाढात आलं ते हेच. मी वाचून दाखवलं ते यात नव्हतंच." ती उभ्या उभ्याच वाचायला लागली, जशी शाळेत मुलं वाचतात. पुंजानं लिहिलं होतं, की त्यानं इंदूरला दुसरं बिऱ्हाड केलं आहे. दीड वर्ष झालं. बाई तिकडचीच आहे. गेल्या महिन्यात मूल झालं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मुलगा का मुलगी?"

मी ते परत गिळायला काहीही दिलं असतं. चांगुणानं पत्रावरून डोळे उचलले. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मुलगी," ती म्हणाली. "हेच विचाराल म्हनून सांगितलं नव्हतं तुम्हाला."

मी विचारलं, पुडी पोत्यात का टाकलीस? काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"तुम्हीच म्हनायच्या ना, काचेचा तुकडा उकिरड्यावर टाकू नका, पोत्यात टाका, भट्टीत वितळून त्याचं दुसरं काहीतरी होईल. मला वाटलं वितळून जाईल, कुनाला कळायचं नाय. हिरवी काच हिरव्या ढिगावर जाते, तुम्ही पांढऱ्यावर बसता. पोतं आधी तुमच्याच पुढं ओततात हे मला कुठं ठावं?"

"आन् साळू रडत होती तेव्हा तुला कळलं होतं ना? तरी गप्प बसलीस?"

"काय सांगू? सांगितलं असतं तर तीन दिवसांत मी कुठं असते?"

तिनं उरलेलं पत्र वाचलं. दिवाळी झाली की पुंजा येणार होता आणि आईला इंदूरला घेऊन जाणार होता. चांगुणानं वणीला भावाकडे जावं, भाऊ नाही म्हणणार नाही. आईला आत्ताच काही सांगू नये, तिला सोसायचं नाही. खाली कळावे, पुंजाराम.

"दिवाळीपर्यंतच हाय मी हितं, असं धरून चालले होते," ती म्हणाली. तांदूळ सांडले होते ते ती एकेक करून ताटात भरायला लागली.

"मी जाईन असं वाटलं तुला?"

"तुमचा पोरगा हाय, आत्या."

माझा पोरगा होता. त्याला मी लोकांची धुणी धुऊन वाढवला. मला त्याचा इतका राग आला, की समोर असता तर याच वरवंट्यानं त्याचं टाळकं फोडलं असतं, आणि त्याच वेळी ती पोर कुणासारखी दिसत असेल असंही मनात आलं. एकाच जिवात हे दोन कसे मावतात ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

मग मला माझी सासू आठवली. दिरानं माझी ट्रंक ओट्यावर ठेवली, तेव्हा ती आत चुलीपुढे बसली होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी सतरा वर्षं दिराला शिव्या घातल्या. सासूला एकही नाही, कारण तिनं काही केलंच नव्हतं, नुसती बसून राहिली होती. गल्लीभर मी जिला शोधत फिरले, ती घराबाहेर काढतील म्हणून कुणाला तरी भीत होती हे मी बरोबर ओळखलं होतं. ती मला भीत होती.

"कागद आण," मी म्हटलं. "पेन आण."

तिनं शाळेची जुनी वही काढली, मधलं पान फाडलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"लिही. पुंजा, तुझं पत्र चांगुणानं मला वाचून दाखवलं. मी येत नाय. खोली माझ्या नावावर हाय, माझ्यामागं ती चांगुणाची. दिवाळीला येनार असशील तर पावन्यासारखा ये आन् पावन्यासारखा जा."

तिचं पेन थांबलं. "आत्या, असं लिहू?"

"लिही म्हनते ना."

ती लिहीत गेली. मुलीचं नाव काय ठेवलं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. दोनदा आलं. पण तिच्या हातून ते लिहवून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. माझं सांगून कधीच संपलं होतं, तरी ती लिहीतच होती. पान भरलं. तिनं ते उलटवलं, मागची बाजू भरली, मग समासात आडवं लिहायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यावरून काही समजत नव्हतं. शिव्या लिहीत होती, रडगाणं लिहीत होती, की पोरीचं नाव विचारत होती, देव जाणे. देव आम्ही सोडला, पण तोंडी राहिला आहे.

तिनं पेन ठेवलं. मी दौतीतली शाई अंगठ्याला लावली आणि खालच्या कोपऱ्यात अंगठा उठवला, म्हणजे हे आईनं पाठवलंय हे त्याला कळावं.

"वाचून दाखवू?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "डाक निघायच्या आत पेटीत टाकून ये. येताना साळूला म्हनावं, भिमाबाईनं बोलावलंय."